आंबिल ओढ्याच्या कांठानें

पुण्याचें वर्णन करूं लागलें म्हणजे लोक संगम, पर्वती, शनिवारवाडा यांचीं नांवें घेतात. आंबिल ओढ्याचें नांव सहसा कोणी घेत नाहीं, आणि घेतलेंच तर नाकास रुमाल लावून. तथापि हें शहर कोणत्या विचारानें मांडलें गेलें आणि तो विचार पुढें कोठें सुटला, हें ज्यास डोळ्यांनीं पाहावयाचें असेल त्यानें या ओढ्याच्या कडेनें एकदां अवश्य चालावें. आम्हीं गेल्या हिवाळ्यांत दोन सकाळीं मिळून हें चालणें उरकलें. कात्रजपासून मुठेपर्यंत अंतर दहा किलोमीटरांच्या आसपास. पण वाट सलग नाहीं. कोठें सोसायटीचें फाटक, कोठें भिंत, कोठें हटकणारा रखवालदार. ओढा दिसेनासा झाला कीं पुढच्या पुलावर जाऊन त्यास पुन्हा गांठावें लागतें.

ओढ्याचा उगम कात्रजच्या डोंगरांत. तेथें नानासाहेब पेशव्यांनीं १८ व्या शतकाच्या मध्यास पाणी अडविलें. तलाव एक नसून दोन आहेत, आणि यांतच योजकाचें चातुर्य. वरच्या तलावांत गाळ बसावा व निवळलेलें पाणी खालच्यांत उतरावें. तेथून दगडी बांधणीचा नळ जमिनीखालून शहरांत आणिला; तो इतका प्रशस्त कीं माणसानें आंतून चालत जावें. वाटेंत ठिकठिकाणीं विहिरीसारखीं तोंडें ठेविलीं, त्यांस उच्छ्वास म्हणत. संस्कृत शब्द इतक्या समर्पकपणें गवंडीकामांत उतरलेला आम्हीं दुसरीकडे पाहिला नाहीं. यंत्र नाहीं, पंप नाहीं. केवळ जमिनीच्या उतारानें पाणी शनिवारवाड्यापर्यंत व पेठांतील हौदांपर्यंत पोंचे. आज खालचा तलाव प्राणिसंग्रहालयाच्या आवारांत आहे. मुलें वाघ पाहतात, हरणें पाहतात, आणि पाण्याकडे पाठ करून छायाचित्रें काढून घेतात.

तलाव भरला कीं जास्तीचें पाणी ओढ्यानें उतरतें. पद्मावतीकडे येईपर्यंत ओढ्याचें रूप पालटतें. दोहों बाजूंस भिंती, मध्यें काळसर प्रवाह, आणि त्यांत शहराचें सांडपाणी. आंबील हें खेड्यांतील मोठें पथ्यकर पेय. त्याच्याशीं नामसादृश्य असलेल्या या पाण्याचा आज कोणी घोटभरही विचार करणार नाहीं.

अरण्येश्वराच्या परिसरांत आलों म्हणजे २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आठवल्यावांचून राहत नाहीं. पावसाळा सरत आलेला, जमीन भिजून तुडुंब झालेली, आणि अशांत कात्रजच्या डोंगरावर कांहीं तासांत प्रचंड पाऊस कोसळला. ओढा अंधारांत वाढला. सोसायट्यांच्या भिंती कोसळल्या, मोटारी पेंढ्यासारख्या वाहून एकमेकींवर चढल्या, दावणीचीं गुरें बुडालीं. शहर व जिल्हा मिळून वीसांहून अधिक माणसें दगावलीं. याच बाजूस, सहकारनगर भागांत, १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून ज्यांचीं घरें गेलीं त्यांच्या सोसायट्या वसविल्या गेल्या होत्या. नदीच्या पुरांतून उठून माणसें येथें आलीं, आणि त्यांचीं नातवंडें ओढ्याच्या पुरांत सांपडलीं!

हें दैवी संकट होतें असें म्हणून मोकळें होतां येत नाहीं. उतारावर पडलेलें पाणी पूर्वीं मातींत मुरे, गवतांत रेंगाळे, नाल्यानाल्यांनीं सावकाश येई. आतां तेथें घरें, डांबर आणि फरशी. पाणी घटकाभरांत खालीं धांवतें. इकडे वाढत्या पाण्यास वाट अधिक हवी, तर ती भिंती घालून अरुंद केलेली. अरुंद पुलाखालीं झाडाझुडपांचा व प्लॅस्टिकचा बुंधा बसला कीं तोच बांध होतो, आणि पाणी भिंतीवर दाब देऊं लागतें. आमच्या पेठांतून या पुराचा विषय निघाला कीं बोट ताबडतोब झोपड्यांकडे वळतें. परंतु ओढ्याच्या कांठीं आम्हीं जें पाहिलें त्यांत झोपड्यांइकेच वाहनतळ होते, दुकानें होतीं, आणि गच्चीवर तुळशीवृंदावन असलेल्या चांगल्या इमारतीही होत्या. ओढ्याची जागा घेणारांत गरीब तेवढे एकटे नाहींत. मेले मात्र बहुधा तेच.

पर्वतीच्या पायथ्याशीं या कथेचें दुसरें अंग दिसतें. येथें नानासाहेबांनीं ओढ्याचें पाणी घेऊन मोठें तळें करविलें व मध्यें बेट राखलें. १७८४ सालीं सवाई माधवरावांनीं त्या बेटावर गणपतीची स्थापना केली. म्हणून तो तळ्यांतला गणपति. पुढें तळें आटविलें गेलें व त्या जागीं बाग झाली. नांव सारसबाग! सरस् म्हणजे तळें, हें विद्यार्थ्यांस सांगतांना आम्हांस नेहमीं हसूं येई. तळें गेलें, नांव राहिलें.

निसर्गाच्या कामांत माणसानें हातच घालूं नये असें म्हणणारांस येथें थोडी अडचण आहे. आंबिल ओढा मुळांत आजच्या पेठांच्या जागेंतून वाहात मुठेस मिळत असे. तो पर्वतीकडून पश्चिमेस वळविला पेशव्यांनींच. म्हणजे आज आपण ज्यास ओढ्याची वाट म्हणतों तीही माणसानें दिलेली. भेद इतकाच कीं ज्यानें वाट बदलली त्यानें ओढ्यास वर डोंगरांत थांबावयास दोन तलाव दिले आणि खालीं पसरावयास एक तळें दिलें. पाण्यास एका ठिकाणीं आवळलें तर दुसऱ्या ठिकाणीं सैल सोडावें लागतें, हा हिशेब त्यास ठाऊक होता. आपण खालचें तळें बुजविलें, मधला कांठ घेतला, आणि बदल्यांत कांहींच दिलें नाहीं.

दांडेकर पुलापाशीं वस्ती दाट आहे. २०२१ च्या जूनमध्यें ओढा सरळ करण्याच्या कामासाठीं महानगरपालिकेनें येथील घरें पाडावयास घेतलीं. दिवस पावसाळ्याचे, बायामाणसें भांडींकुंडीं घेऊन रस्त्यावर बसलीं. न्यायालयानें स्थगिती दिल्यावर काम थांबलें. एका दारांत एक वयस्क बाई तांदूळ निवडीत होत्या. पाणी कोठवर आलें होतें असें विचारतां त्यांनीं सूप खालीं न ठेवतां नुसती मान वर केली. भिंतीवर देवाच्या तसबिरीच्याही वर डाग होता. पुराची भीति वाटते कीं घर पाडण्याची, यावर त्यांचें म्हणणें असें पडलें कीं पूर एका रात्रींत ओसरतो. ओढा सरळ केल्यानें पाणी येथून लवकर पुढें जाईल हें खरें. पण लवकर म्हणजे जोरानें, आणि पुढें कोणाच्या दारीं, हा प्रश्न उरतोच. या लोकांस येथून हलविणें कदाचित् आवश्यकही असेल. तें उन्हाळ्यांत, दुसरें घर हातीं देऊन, शाळा व काम यांच्या टप्प्यांत व्हावें, एवढें तरी म्हणावयास शास्त्र लागत नाहीं.

येथून ओढा थोडक्यांत मुठेस मिळतो. मुखाशीं बगळे पुष्कळ. मुळा, मुठा व मुळामुठा यांचे मिळून ४४ किलोमीटर कांठ सुधारण्याची मोठी योजना आहे. तिची पायाभरणी पंतप्रधानांच्या हस्तें ६ मार्च २०२२ रोजीं झाली. नदीस नवे कांठ बांधतांना त्यांत हा ओढा शिरावा म्हणून किती रुंद तोंड राखलें जाणार आहे, तें नकाशावर बोट ठेवून कोणी दाखवील तर आम्ही चष्मा घेऊन जावयास तयार आहों.