ट्राउटचा बंद हंगाम

ज्या नियमाचा लाभ डोळ्यांना दिसत नाही, तो टिकवणे प्रशासनाला सर्वांत अवघड जाते. हिमाचल प्रदेशात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटच्या पाण्यात मासेमारीस मनाई असते. मी या नियमाकडे त्याच दृष्टीने पाहत आलो आहे.

मंडी जिल्ह्यातील बरोट येथे, उहल नदीवर शानन वीज प्रकल्पासाठी बांधलेला एक छोटा जलाशय आहे. हंगाम उघडताच, मार्चच्या पहिल्या आठवड्यात, परवाना काढून मी तेथे अनेकदा गेलो आहे. वरच्या उतारांवर तेव्हा बर्फ असते. त्या गार पाण्यात मासा सुस्त असतो, आमिषामागे धावत नाही. गळ तळापर्यंत उतरू द्यावा लागतो आणि अगदी सावकाश ओढावा लागतो. दिवसाकाठी एखादा मासा लागला तरी पुष्कळ.

हा मासाही मागच्या कुठल्या तरी हिवाळ्याची देणगी असतो. तपकिरी ट्राउटची मादी हिवाळ्याच्या तोंडाशी प्रवाहातील खड्यांत अंडी घालते. थंडीमुळे ती फार हळू वाढतात आणि पिल्ले वसंताच्या सुमारास खड्यांतून वर येतात. वरून पाहणाऱ्यास नदी रिकामी दिसते, पण तळाशी पुढची पिढी घडत असते.

स्कॉट गॉर्डन या कॅनेडियन अर्थशास्त्रज्ञाने १९५४ साली दाखवून दिले की, मालक नसलेल्या पाण्यात एकट्याने संयम पाळणाऱ्यास त्याचे फळ मिळत नाही. त्याने सोडलेला मासा दुसरा पकडतो. म्हणून सर्वांना बांधणारा नियम हवा. तो सरकारनेच केला पाहिजे असे मात्र नाही. आपल्या कोकणातील कोळी बांधव नारळी पौर्णिमेला सागराची पूजा करून होड्या लोटतात. पावसाळ्यातील सरकारी बंदीला तेथे परंपरेचा आधार आहे. बरोटपासून फार दूर नसलेल्या, जोगिंदरनगरजवळच्या मच्छियाल येथे देवाचे म्हणून महासीर मासे कोणी मारत नाही. भाविक उलट त्यांना खाऊ घालतात.

ट्राउटला असा देव नाही. काश्मीरमार्गे तो १९०९ मध्ये कुलूत आला, तो इंग्रज अधिकाऱ्यांच्या हौसेपोटी. त्याच्यामागे ना दंतकथा, ना व्रत. आहे तो फक्त कायदा, आणि मैलोगणती काठ पायी तुडवणारा रक्षक. एका रक्षकाने मला गावातील तरुणांचा प्रश्न सांगितला होता : "चार महिने आम्ही थांबायचे, आणि १ मार्चला गळ टाकणार शहरातले साहेब. मग आम्ही कशासाठी थांबायचे?"

प्रश्न रास्त आहे, आणि तो मलाही उद्देशून होता. दंडाची रक्कम वाढवणे हे त्याचे उत्तर नव्हे. काठावर ज्यांची खाणावळ चालते, खोल्या भाड्याने जातात, ट्राउटची स्वतःची तळी आहेत, त्यांना नदीत मासा राहण्यात आपले हित दिसते. ज्यांच्याकडे यांपैकी काहीच नाही, त्यांच्यासाठी परवाना शुल्काचा वाटा पंचायतीच्या जमाखर्चात ठळकपणे दिसला पाहिजे. एरवी एकट्या रक्षकाने हिवाळ्याच्या रात्री किती काठ राखायचा?