आयतं बीळ

आयत्या बिळावर नागोबा. ही म्हण ज्याने केली त्याने वारूळ कधी निरखून पाहिलं होतं की नाही, कोण जाणे. वारूळ बांधते वाळवी. ती उठून गेली की नाग शिरतो. म्हणजे त्याने कुणाला हाकललेलं नसतं. घर रिकामं दिसलं, राहिला. म्हण मात्र त्याला फुकट्या ठरवून मोकळी. आणि गोष्टींत हाच नाग पूर्वजांच्या हंड्यावर पहारा देतो, तेव्हा तो मालकाच्याही वरचा. श्रावणात त्यालाच लाह्या.

'आयत्या घरात घरोबा' या १९९१च्या सिनेमात मालक परदेशी असताना त्यांच्या बंगल्यात ऐसपैस राहणारा अशोक सराफ पकडला जाऊ नये, असंच आपल्याला वाटतं. त्याचा त्या घराशी सुतराम संबंध नाही! आणि घरात जन्मलेल्या बहिणीने सातबाऱ्याची नक्कल मागितली, तर ओटीवर सगळ्यांची तोंडं उतरतात.

आमच्या गावी, जांभूळला, जमिनीला भाव आला तशी हक्कसोड पत्रं वाढली. तोवर बहिणींची नावं 'इतर हक्कां'च्या रकान्यात निवांत पडून होती. मुलीचा वाटा जन्मापासूनचा, हे २००५च्या दुरुस्तीने सांगितलं, २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्कं केलं. पण माझी आत्या निबंधकाकडे स्वतःच्या पायांनी आली, भावाने घेतलेली साडी नेसून. "मना जमिनीचा काय करायचाय? माहेर ऱ्हाला म्हंजे झाला." अंगठा झाला. कॅमेऱ्यात बघा म्हटल्यावर तिने पदर सारखा केला आणि चक्क हसली. लग्नाचे फोटो काढताना हसतात तशी. ते हसू दस्तावर छापलेलं आहे. कायद्याने ती राजीखुशीच. मला ते अजून नीट वाचता येत नाही.

बरं, ही जमीन तरी आमची कुठे? आजोबा कूळ होते. १ एप्रिल १९५७च्या कृषकदिनानंतर कुळकायद्याने ती त्यांच्या नावावर झाली. मूळ मालक सावकाराची नातवंडं नागोबाची म्हण आमच्यावरूनच वापरत असतील. पण आजोबांनी ही जमीन नांगरली होती. कसेल त्याची जमीन, हाच नियम धरला तर लग्न होईपर्यंत चिखलात वाकून आवण लावणाऱ्या आत्याचा नंबर माझ्या बराच आधी लागतो. मी त्या जमिनीवरच्या खोल्यांचं भाडं घेतो, तेही आता मोबाइलवर येतं.

आत्याची नात वकिलीला आहे. तिने कधी विषय काढलाच तर दस्त पुढे करावा, असं वाटतं. मग तो फोटो आठवतो आणि वाटतं, नकोच.