औषधाविना प्रयोग : अतींद्रिय हेरगिरी आणि संमतीचा प्रश्न

जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय गुप्तचर संस्थेने, म्हणजे सीआयएने, आपल्या जुन्या कागदपत्रांचा प्रचंड साठा आंतरजालावर खुला केला. 'स्टारगेट' या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या प्रकल्पाची हजारो पाने त्यात आहेत. बंद खोलीत बसलेला माणूस केवळ मनाच्या बळावर शेकडो मैलांवरचे लष्करी ठाणे पाहू शकेल काय, या प्रश्नावर अमेरिकी सरकारने सुमारे दोन दशके आणि सुमारे २ कोटी डॉलर खर्च केले. ही पाने उघडणारे बहुतेक जण त्यांतली पेन्सिलीने काढलेली वेडीवाकडी चित्रे शोधतात. मीही त्यासाठीच ती उघडली. पण माझी नजर खिळली ती दोन रुक्ष कार्यालयीन शब्दांवर : 'ह्यूमन यूज'. मानवाचा वापर.

विद्या खरी होती की नाही, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मी त्या वादात फार शिरणार नाही. ज्या माणसांवर हे प्रयोग झाले त्यांची काळजी कोणी वाहिली, आणि ती काळजी नेमकी कुठवर पोचली, हा या धाग्याचा विषय आहे.

त्यासाठी थोडे मागे जावे लागते. फेब्रुवारी १९५३ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री चार्ल्स विल्सन यांनी एक आदेश काढला. नाझी डॉक्टरांवरील खटल्यातून निघालेली न्यूरेंबर्ग संहिता अमेरिकी सैन्यातील मानवी प्रयोगांना लागू होईल, प्रयोगास बसणाऱ्याची स्वेच्छेची संमती अपरिहार्य राहील, असे त्यात म्हटले होते. आदेश उत्तम होता. फक्त तो 'अतिगोपनीय' होता आणि १९७५ पर्यंत तसाच राहिला. ज्या नियमाने शिपायाचे रक्षण व्हायचे, तो नियम वाचण्याची मुभा शिपायाला नव्हती.

त्याच १९५३ च्या एप्रिलमध्ये सीआयएचा 'एमके-अल्ट्रा' प्रकल्प सुरू झाला. नोव्हेंबरमध्ये सैन्याच्या जैविक विभागातील शास्त्रज्ञ फ्रँक ओल्सन यांना त्यांच्या नकळत मद्यातून एलएसडी देण्यात आले. काही दिवसांनी न्यूयॉर्कमधील हॉटेलच्या खिडकीतून कोसळून त्यांचा मृत्यू झाला. एलएसडीची गोष्ट कुटुंबाला कळली ती १९७५ मध्ये, तब्बल २२ वर्षांनी. सैन्याच्या एजवुड येथील केंद्रात १९५५ ते १९७५ या काळात सुमारे ७,००० सैनिकांवर निरनिराळ्या रसायनांचे प्रयोग झाले. त्यांपैकी जेम्स स्टॅन्ली हे रासायनिक हल्ल्यापासून बचावाच्या साधनांची चाचणी आहे असे समजून १९५८ मध्ये तिथे गेले होते. त्यांनाही एलएसडी दिले गेले. हे त्यांना समजले सैन्याच्या पत्रातून, जेव्हा प्रयोगाच्या दूरगामी परिणामांचा अभ्यास करण्यासाठी सैन्याला त्यांची पुन्हा गरज पडली! त्यांनी दाद मागितली आणि १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा मतांनी ती नाकारली.

आता मुख्य कथेकडे येऊ. एमके-अल्ट्रा चालवणारे सिडनी गॉटलिब सीआयएच्या ज्या तांत्रिक विभागाचे प्रमुख होते, त्याच विभागाने १९७२ मध्ये कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट या संस्थेला अतींद्रिय संशोधनासाठी पैसे द्यायला सुरुवात केली. हॅरल्ड पुटहॉफ आणि रसेल टार्ग हे दोन लेसर-भौतिकशास्त्रज्ञ हे काम करीत. १९७३ मध्ये गॉटलिब निवृत्त झाले. त्याच वर्षी सीआयएचे संचालक रिचर्ड हेल्म्स यांच्या आदेशावरून एमके-अल्ट्राच्या फायली नष्ट करण्यात आल्या. म्हणजे एक दालन जाळून रिकामे होत होते तेव्हा शेजारचे दालन मांडले जात होते. खरे तर ही दोन दालने पूर्वीपासूनच जोडलेली होती. एमके-अल्ट्राच्या उपप्रकल्पांत अतींद्रिय ज्ञानावरचा एक उपप्रकल्पही होताच.

नव्या दालनातले दृश्य मात्र निरुपद्रवी होते. इंगो स्वान हे चित्रकार, पॅट प्राइस हे माजी पोलीस अधिकारी, अशी माणसे खुर्चीत बसत. त्यांना कधी नकाशावरचे अक्षांश-रेखांश सांगितले जात, कधी एखादा संशोधक अज्ञात ठिकाणी जाऊन उभा राही आणि यांनी ते ठिकाण वर्णावयाचे असे. सुई नाही, गोळी नाही, विजेचा धक्का नाही. १९७४ मध्ये प्राइस यांनी सोव्हिएत संघातील सेमिपलातिन्स्कजवळच्या केंद्राचे वर्णन करताना एक अवाढव्य क्रेन रेखाटली. क्रेन तिथे खरोखरच होती. त्यांनी सांगितलेले बाकीचे बरेचसे चुकीचे होते. या विद्येचा सारा इतिहास अशाच क्रेनभोवती फिरतो.

(या 'रिमोट व्ह्यूइंग'ला मराठी शब्द काय द्यावा? 'दूरदर्शन' आकाशवाणीच्या भावंडाने बळकावला, 'दूरदृष्टी' पुढाऱ्यांच्या गौरवपर भाषणांत गेली. उरते 'दिव्यदृष्टी'. पण महाभारतात व्यासांनी ती आधी धृतराष्ट्राला देऊ केली होती आणि स्वकीयांचा संहार पाहायचा नाही म्हणून त्याने ती नाकारली. मग ती संजयाला मिळाली. राजाला नकार देता आला, ही गोष्ट पुढे आठवावी.)

१९७५ हे अमेरिकी गुप्तचर संस्थांच्या उलटतपासणीचे वर्ष. सिनेटच्या चर्च समितीने आणि इतर चौकश्यांनी औषधप्रयोगांची लक्तरे वेशीवर टांगली. अध्यक्ष फोर्ड यांनी ओल्सन कुटुंबाची क्षमा मागितली आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये कार्यकारी आदेश क्रमांक ११९०५ काढला. अमेरिकी गुप्तचर संस्थांनी माणसांवर औषधांचे प्रयोग करावयाचे तर लेखी संमती हवी, आणि त्या संमतीला त्रयस्थाची साक्षही हवी, असा त्याचा आशय. अब्रू गेली होती ती औषधांमुळे, म्हणून नियमातही औषधेच आली. खुर्चीत डोळे मिटून बसलेला माणूस त्या कलमाच्या बाहेरच राहिला.

जानेवारी १९७८ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी त्या जागी नवा आदेश काढला, क्रमांक १२०३६. त्यात 'औषधांचे प्रयोग' हा शब्दप्रयोग उरला नाही. गुप्तचर व्यवस्थेतील कोणतीही संस्था आरोग्य खात्याच्या मार्गदर्शक तत्त्वांखेरीज 'मानवी व्यक्तींवरील संशोधन' करणार नाही, करवणार नाही आणि त्यासाठी कंत्राटही देणार नाही, असे कलम आले. संमतीची नोंद बंधनकारक झाली. १९८१ मध्ये रेगन यांच्या १२३३३ क्रमांकाच्या आदेशाने हे कलम कायम ठेवले. या सबंध प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची घटना माझ्या मते हीच आहे. एक शब्द गळला आणि कायद्याची कक्षा रुंदावली. ज्यांना कोणी टोचले नव्हते, तेही आता 'प्रयोगास बसलेले' ठरू शकत होते.

नेमक्या त्याच सुमारास सैन्याने मेरीलँडमधील फोर्ट मीड येथे स्वतःचा गट उभारला. 'ग्रिल फ्लेम', 'सेंटर लेन', 'सन स्ट्रीक' आणि शेवटी 'स्टारगेट' अशी त्याची नावे बदलत गेली. कागदांत 'ह्यूमन यूज' हे शब्द वारंवार भेटू लागतात ते इथून. हे सैनिक शिक्षण घेत आहेत, कर्तव्य बजावत आहेत, की त्यांच्यावर प्रयोग होत आहे? तोफ चालवायला शिकणाऱ्याकडून कोणी संमतीपत्र लिहून घेत नाही. पण जिचे अस्तित्वच सिद्ध झालेले नाही अशी विद्या शिकणे म्हणजे प्रयोगच नव्हे काय? कारकुनी वाटणारा हा प्रश्न मला त्या क्रेनपेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो.

संमतीचीही एक विलक्षण अडचण होती. 'द्रष्ट्या'ला लक्ष्य ठाऊक नसणे ही प्रयोगाची पहिली अट. त्याच्या हाती बंद पाकीट किंवा नुसते आकडे. ओल्सन यांनाही काही ठाऊक नव्हते. मग फरक कोणता? ओल्सन यांना आपल्यापासून काही लपवले जात आहे हेच माहीत नव्हते. फोर्ट मीडच्या सैनिकाला मात्र ते माहीत होते आणि त्याने ते पत्करले होते. सूचित संमतीचा अर्थ मला कोणत्याही व्याख्येपेक्षा या तुलनेतून अधिक उमगला. तरी एक खोच राहतेच. वरिष्ठ अधिकाऱ्याने 'स्वेच्छेने येतोस का?' असे विचारल्यावर कनिष्ठाचा होकार कितपत स्वेच्छेचा? धृतराष्ट्र राजा होता.

इजा म्हणजे काय, याचीही नीट कल्पना कोणाला नव्हती. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात मेजर जनरल आल्बर्ट स्टबलबाइन हे सैन्याच्या गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख होते. त्यांच्या कारकिर्दीत अधिकाऱ्यांच्या तुकड्या व्हर्जिनियातील मन्रो इन्स्टिट्यूटमध्ये पाठवल्या गेल्या. तिथे दोन कानांत भिन्न कंपनसंख्येचे ध्वनी ऐकवून मनाची वेगळी अवस्था साधण्याचा प्रयत्न होई. अशाच एका शिबिरात एका अधिकाऱ्याचे मानसिक संतुलन ढळले आणि त्याला रुग्णालयात न्यावे लागले, असे या प्रकल्पाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी नमूद केले आहे. रक्तदाब, नाडी, रक्त यांची तपासणी करणाऱ्या व्यवस्थेला हे संकट ओळखता येणे कठीणच होते. शिवाय गोपनीयतेची शपथ घेतलेला माणूस आपली अस्वस्थता कोणत्या डॉक्टरापुढे मोकळी करणार?

पुढे प्रयोगशाळेतील संशोधनावर वैज्ञानिक देखरेख समिती आणि मानवी प्रयोगांचे नियमन करणारे मंडळ, अशी व्यवस्था आली. ती बऱ्यापैकी काटेकोर होती. गोपनीय लष्करी संशोधनात अशी मंडळे बसवता येतात, हे तिने दाखवले, आणि याचे श्रेय द्यायलाच हवे.

पण मंडळाच्या नजरेबाहेर एक मोठा प्रांत राहिला. नोव्हेंबर १९७९ मध्ये तेहरानमधील अमेरिकी वकिलातीत ओलीस पकडले गेले. त्यांपैकी ५२ जण ४४४ दिवस कैदेत होते. त्यांना कुठे ठेवले आहे, ते कसे आहेत, हे पाहण्यासाठी फोर्ट मीडच्या गटाने अनेक बैठका केल्या. १९८८ मध्ये लेबनॉनमध्ये लेफ्टनंट कर्नल विल्यम हिगिन्स यांचे अपहरण झाले, तेव्हाही या गटाकडे विचारणा झाली. द्रष्ट्याने संमतीपत्रावर सही केली होती, त्याचे हक्क सुरक्षित होते. ज्यांचे प्राण त्याच्या शब्दावर टांगले जाऊ शकत होते, त्यांची सही कोणत्याही कागदावर नव्हती. ते प्रयोगातील व्यक्ती नव्हते, ते केवळ लक्ष्य होते. खुर्चीतल्या माणसाला जपणारा नियम त्या ओलिसांपर्यंत पोचू शकत नव्हता. तो त्यासाठी लिहिलाच नव्हता.

१९९५ मध्ये सीआयएच्या सांगण्यावरून अमेरिकन इन्स्टिट्यूट्स फॉर रिसर्च या संस्थेने प्रकल्पाचे मूल्यमापन केले. संख्याशास्त्रज्ञ जेसिका अट्स यांना प्रयोगशाळेतील आकडे योगायोगापलीकडचे वाटले. मानसशास्त्रज्ञ रे हायमन यांना तो निष्कर्ष घाईचा वाटला. एका बाबतीत अहवाल निःसंदिग्ध होता : या माहितीच्या आधारे गुप्तचर कारवाईला दिशा दिल्याचे एकही उदाहरण आढळले नाही. माहिती मोघम असे आणि तिचा अर्थ लावताना वाचणाऱ्यालाच आपली भर घालावी लागे. ओलिसांना झळ पोचली नाही ती बहुधा यामुळेच. प्रकल्प बंद झाला.

कागद आता सर्वांसाठी खुले आहेत. त्यांत द्रष्ट्यांना नावे नाहीत, क्रमांक आहेत : ००१ आणि पुढे. पानापानांवर मजकूर झाकलेला आहे. क्रमांक ००१ म्हणजे जोसेफ मॅकमोनिगल, हे त्यांनी स्वतःच पुस्तके लिहून जगाला सांगितले. इतरांपैकी काही जण पुढे दूरचित्रवाणीवर आले, काहींनी शिकवण्या काढल्या, आणि काही जण त्या क्रमांकांच्या आडच राहिले.