बर्फाच्या आधी पोचणारी काळजी

हल्ली आमच्याकडे, म्हणजे बॉस्टनच्या पश्चिमेला नेटिकमध्ये, बर्फाचं वादळ सोमवारी यायचं असलं की आदल्या बुधवारीच येऊन बसतं. आकाशात नाही, फोनमध्ये. युरोपियन मॉडेल अठरा इंच म्हणतं, अमेरिकन मॉडेल सहा. टीव्हीवरचा हवामानवाला दोन्ही नकाशे शेजारीशेजारी मांडून ‘अजून नक्की सांगता येत नाही’ एवढंच अर्धा तास सांगतो. गुरुवारी जांभळा पट्टा वर सरकतो, शुक्रवारी परत खाली येतो. शनिवारी दुकानातलं दूध, पाव आणि अंडी संपतात. नेमके हेच तीन जिन्नस का, ते मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. इथली माणसंही त्यावर हसतात आणि म्हणतात, वादळात सगळं न्यू इंग्लंड फ्रेंच टोस्टवर जगतं. रविवारी पुण्याहून धाकट्या भावाचा मेसेज येतो, “ताई, उद्या तुमच्याकडे १४ इंच. औषधं आणून ठेवलीत ना?” माझ्या अंगणात उद्या किती बर्फ पडणार, हे कोथरूडमध्ये पंख्याखाली बसलेल्या माणसाला माझ्याआधी ठाऊक असतं.

१९७८ च्या फेब्रुवारीत यातलं काही नव्हतं. अंदाज होता, आणि तो बऱ्यापैकी बरोबरही होता, पण लोकांनी तो मनावर घेतला नाही. सोमवारी, ६ तारखेला, पहाटेपासून पडायला हवा होता तो बर्फ उजाडलं तरी पडेना. आठ वाजले तरी रस्ता कोरडा. ‘यांचं नेहमीचंच’ म्हणत लोक कामावर गेले. आमचे हेही गेले. आम्ही तेव्हा सॉमरव्हिलमध्ये एका तीन मजली लाकडी घरात वरच्या मजल्यावर बिऱ्हाड केलं होतं. ह्यांची नोकरी नॉरवुडला, जायचा-यायचा रस्ता १२८ नंबरचा हायवे.

अकराच्या सुमाराला भुरभुर सुरू झाली. दोनपर्यंत समोरचं घर दिसेनासं झालं. बर्फ वरून खाली पडतो हा माझा समज त्या दुपारी गेला. तो आडवा येत होता, आणि अधूनमधून खालून वरही. खिडकीच्या जाळीच्या प्रत्येक चौकोनात बर्फाचा एकेक दाणा अडकत गेला आणि पाहता पाहता जाळी पांढऱ्या कापडासारखी भरून आली. त्यानंतर बाहेर काय चाललंय ते फक्त ऐकू येत होतं.

ही वादळं इथे ईशान्येच्या वाऱ्यानं येतात. कॅनडाकडून थंड कोरडी हवा उतरते, अटलांटिकमधल्या कोमट गल्फ स्ट्रीमवरची ओलसर हवा तिला भिडते, आणि किनाऱ्याला लागून वादळ फुगत जातं. एरवी ते दहा-बारा तासांत समुद्राकडे निघून जातं. त्या वेळी वर कॅनडात जास्त दाबाची हवा वाट अडवून बसली होती, त्यामुळे वादळ हललंच नाही. सोमवारी सुरू झालेला बर्फ मंगळवारी रात्रीपर्यंत पडत राहिला. त्यात अमावास्येची भरती. हल, सिच्युएट, रिव्हिअर या गावांतून समुद्र थेट घरांत शिरला, आणि किनाऱ्यावरची दोन हजारांहून जास्त घरं उद्ध्वस्त झाली. हे सगळं आम्हाला पुढे आठवडाभरात तुकड्यातुकड्यांनी कळलं. त्या रात्री मला एवढंच ठाऊक होतं की सहाला घरी येणारा माणूस नऊ वाजले तरी आला नाही.

साडेदहाच्या सुमाराला फोन वाजला.

“मी चर्चमध्ये आहे,” हे म्हणाले.

“चर्चमध्ये? ते कशाला?”

“गाडी हायवेवरच आहे. इथे नीडहॅममध्ये जमिनीवर झोपायला घोंगड्या दिल्यात. मागे मोठी रांग आहे, ठेवतो.”

१२८ वर त्या दिवशी तीन हजारांवर मोटारी आणि पाचशेक ट्रक गाडले गेले. ह्यांनी गाडी सोडून पुढच्या माणसाच्या कोटाची टोकं धरून चालायला सुरुवात केली, म्हणून निभावलं. गाडीत हीटर लावून बसून राहिलेल्या काहींची धुराची नळी बर्फानं बुजली आणि ते जागच्या जागी गुदमरून गेले. जुन्या वादळाच्या आठवणी सांगताना मंडळी हे हमखास गाळतात. सगळ्या न्यू इंग्लंडमध्ये मिळून शंभराच्या आसपास माणसं दगावली होती. तेव्हाचं ते वादळ पुन्हा यावं, असं मला कधीही वाटलेलं नाही.

बुधवारी सकाळी उघडलं. लोगन विमानतळावर २७.१ इंच मोजला होता, पण वाऱ्यानं ढिगारे केलेले असल्यामुळे कुठे घोट्याएवढा, तर कुठे माझ्या डोक्याच्या वर. खालचं बाहेरचं दार बाहेर उघडणारं, ते हलेना. शेवटी तळमजल्यावरच्या मुलानं खिडकीतून उडी मारली आणि त्यानं आधी दार मोकळं केलं. घरमालकीणबाई मधल्या मजल्यावर राहायच्या. सत्तरीच्या इटालियन बाई, मला ‘हनी’ म्हणायच्या आणि माझ्या साडीकडे कायम थोड्या काळजीनं बघायच्या. त्या दिवशी त्यांनी त्यांच्या गेलेल्या नवऱ्याची जाड लोकरी पँट माझ्यापुढे धरली. मी ती साडीवरूनच चढवली. फावडं कसं मारायचं हेही त्यांनीच शिकवलं. बर्फ एकदम उचलायचा नाही. आधी उभ्या-आडव्या चिरा द्यायच्या, खोबऱ्याच्या वड्या पाडतो तशा, आणि मग वरचा थर, मधला थर, खालचा थर असा काढायचा. नाहीतर कंबर जाते, नाहीतर हृदय. त्यांचे यजमान असेच गेले होते, हे त्यांनी फावडं मारता मारता सांगितलं.

गाड्या चालवायला आठवडाभर बंदी होती. गव्हर्नर मायकेल डुकाकिस रोज टीव्हीवर यायचे, कोट-टाय नाही, स्वेटर घालून, आणि घरीच थांबा म्हणून सांगायचे. घरी कोणी थांबलं नाही. रस्त्याच्या मधून माणसं चालत होती. मॅसॅच्युसेट्स अव्हेन्यूवर लोक स्की घालून हिंडत होते. मुलांच्या घसरगाड्यांवर किराणा, कपड्यांची बोचकी, कुठे एखादी आजी. मी युनियन स्क्वेअरपर्यंत दुधाला गेले, कारण घरातलं विरजण दोन दिवस दुधावाचून होतं. त्या काळी बॉस्टनमध्ये मराठी घरं अशी किती असणार? विरजण या घरातून त्या घरात जायचं, आणि आपल्याकडचं मेलं तर ते आपल्या माथी. दुकानदार प्रत्येकाला एकच कार्टन देत होता. माझ्यामागच्या बाईंनी विचारलं, लहान मूल आहे का घरी? आता विरजणाला दूध लागतं हे त्या रांगेत कसं समजावणार? मी मानेनंच नाही म्हटलं. त्यांनी स्वतःचं अर्धं दूध देऊ केलं. आजतागायत मला त्यांचं नाव ठाऊक नाही. घरी आल्यावर मालकीणबाईंनी पावट्याच्या जातीच्या बियांचं सूप पाठवलं, ‘मांस घातलेलं नाही’ असं दोनदा बजावून. मी वरण-भात पाठवला. वरण त्यांना सूपच वाटलं, त्यांनी ते पावाशी खाल्लं.

हे आठवड्याअखेरीस घरी आले, निम्मी वाट चालत आणि निम्मी नॅशनल गार्डच्या ट्रकमधून. दाढी वाढलेली, अंगावर चर्चमध्ये कोणी तरी दिलेला भडक केशरी स्वेटर. तो स्वेटर आमच्याकडे पुढे कितीतरी वर्षं होता.

पुण्याला यातलं काही माहीत नव्हतं. फोन करायचा म्हणजे ऑपरेटरकडे कॉल नोंदवून ताटकळत बसायचं, आणि तोही शेजारच्या डॉक्टरांच्या घरी. एवढ्या पैशात वाईट बातमीच सांगायची असते, असा दोन्हीकडचा समज. मी एरोग्रॅम लिहिला, त्यात बर्फ ‘बराच’ पडला एवढंच घातलं. चर्चचं लिहिलं नाही. मार्चमध्ये अण्णांचं, माझ्या वडिलांचं, पत्र आलं. त्यांनी वर्तमानपत्रात बातमी वाचली होती. घरात दूध आहे ना, जावईबापूंना बर्फ असेतो कामावर पाठवू नये, आणि शेकोटी पेटवताना खिडकी किलकिली ठेवावी. पत्र हातात पडलं तेव्हा रस्त्यात नुसता चिखल होता. मी उत्तर लिहिलं की सगळं ठीक आहे, आणि ते खरंही होतं. काळजी उशिरा पोचली की तिला उत्तर देणं फार सोपं जातं. वादळ आणि त्याची घरी पोचलेली बातमी यांच्यामध्ये महिनाभराची जागा होती आणि ती सर्वस्वी आमची होती. तिथे आम्ही काय केलं, किती घाबरलो, हे कोणी विचारणारं नव्हतं.

ऐंशीच्या दशकात मुलं शाळेत जायला लागली तेव्हा ही जागा पहाटेच्या रेडिओपुरती उरली. साडेपाचला डब्ल्यूबीझेड लावायचं. शाळा बंद असलेल्या गावांची नावं अकारविल्हे वाचली जायची. ॲक्टन, अँडोव्हर, आर्लिंग्टन करत करत नेटिकचा ‘एन’ येईपर्यंत दोन्ही मुलं पायजम्यात जिन्यावर श्वास रोखून. मिक्सर लावायची मला बंदी. नेमकं ‘एन’च्या वेळी कोणी शिंकलं तर पुन्हा पहिल्यापासून सगळी यादी. आता आदल्या संध्याकाळीच फोनवर निरोप येतो आणि नात झोपायच्या आधीच सुट्टी साजरी करून मोकळी होते. तरी आमच्या राज्यात सुट्टी मिळते हे नशीब, भले ती जूनमध्ये भरून काढावी लागो. न्यूयॉर्कमध्ये २०२४ च्या फेब्रुवारीत बर्फ पडला तेव्हा पोरांना घरून संगणकावर शाळा लावायला सांगितलं. एकाच वेळी सगळे आले आणि यंत्रणाच बसली. मला ते ऐकून फार बरं वाटलं होतं.

नेटिकला घर घेतल्यावर गॅरेज आलं, बर्फ उडवायचं यंत्र आलं. हे गुडघ्यांनी थकले तेव्हा तेही गेलं. आता नोव्हेंबरमध्येच एकाशी करार करायचा. बर्फ पडला की तो नांगर लावलेली गाडी घेऊन येतो, ड्राइव्हवे साफ करतो आणि निघून जातो. त्याचा चेहरा मी पाहिलेला नाही, फक्त हेडलाइट पाहिलेत.

२०१५ च्या हिवाळ्यानं मात्र आम्हा सगळ्यांची रग जिरवली. त्या मोसमात बॉस्टनला ११०.६ इंच पडला, नोंदी ठेवायला लागल्यापासून सर्वांत जास्त. एक वादळ आवरेस्तोवर दुसरं दारात. लोकल गाड्या ठप्प झाल्या. छपरावरचा बर्फ लांब दांड्याच्या फावड्यानं ओढून काढावा लागे, नाहीतर तो कडेला गोठायचा आणि वितळलेलं पाणी मागे तुंबून छतातून घरात उतरायचं. आमच्या पाहुण्यांच्या खोलीत पातेली मांडली होती. शहरातला बर्फ ट्रकांनी नेऊन समुद्राजवळ टाकला होता, त्याचा डोंगर झाला. कचऱ्यानं काळा पडलेला तो डोंगर पुरता वितळला १४ जुलैला. भर उन्हाळ्यात माणसं त्याचे फोटो काढायला जात होती.

त्याउलट २९ जानेवारी २०२२. त्या एका दिवसात बॉस्टनला २३.६ इंच पडला, एका दिवसाच्या जुन्या विक्रमाशी बरोबरी. १९७८ च्या जवळपास जाणारं वादळ. आमच्याकडे काय झालं? काही नाही. शनिवार होता. गाडी कोणी काढली नाही, कारण चार दिवस आधीपासून सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही खिडकीत बसून टीव्हीवर बर्फ पाहिला. टीव्हीवरचा वार्ताहर फूटपट्टी घेऊन बर्फात उभा होता आणि त्याच्यामागचा रस्ता आमच्या रस्त्यासारखाच रिकामा होता. दुपारपर्यंत पुण्याला फोटो गेले, पुण्याहून ‘वॉव’ आलं. हायवेवर कोणी गुदमरलं नाही, आणि हे त्या नकाशांचं, त्या मॉडेलांचं श्रेय आहे. ते द्यायलाच हवं. तरी संध्याकाळी ह्यांनी विचारलं, “संपलं का?” तेव्हा कुठलं संपलं म्हणतायत ते मला चटकन कळेना. माझ्या लेखी ते शुक्रवारीच संपलं होतं.

त्यानंतर तर बर्फानंच पाठ फिरवली. बॉस्टनची सरासरी मोसमाला पन्नासेक इंचांची. २०२२-२३ मध्ये १२.४ इंच, २०२३-२४ मध्ये दहासुद्धा नाही. नातीची घसरगाडी गॅरेजात खिळ्याला लटकलेली राहिली आणि तिची उंची गाडीपेक्षा वाढली.

याच दिवसांत कधी तरी एकदा दहा ते सोळा इंचांचा इशारा आला. बुधवारपासून जांभळा पट्टा, शनिवारी रिकामे रॅक, रविवारी भावाचा मेसेज, ‘ताई, जनरेटर आहे का?’ मुलानं धास्तीपोटी आमच्याकडे तीन गॅलन दूध आणून टाकलं. सोमवारी पाऊस पडला. भाऊ जरा हिरमुसला. मला म्हणाला, “वादळ समुद्रात गेलं वाटतं,” जणू मीच ते घालवलं. एवढ्या दुधाचं दोघा म्हाताऱ्यांनी करायचं काय? मी जाड बुडाचं पातेलं काढलं आणि दिवसभर बासुंदी आटवली. संध्याकाळी एक डबा भरून छत्री घेऊन शेजाऱ्यांकडे गेले. बेल दाबली. दार उघडलं नाही, बेलमधूनच शेजाऱ्यांचा आवाज आला, अगदी मनापासून आनंदलेला. ते फ्लोरिडात होते. वादळ येणार म्हणून गुरुवारीच निघाले होते. किती पडला, असं त्यांनी मला विचारलं.