रंग उतरवताना

माझी ताई लग्न होऊन आदिलाबादला गेली, त्याला आता तीस वर्षं होतील. आमच्याकडे अजून लोक म्हणतात, "तेलुगू मुलखात दिली." पण पैनगंगा ओलांडली की यवतमाळ, शेजारी नांदेड नि चंद्रपूर. आदिलाबादच्या बाजारात मराठी सहज चालते. चालत नाही ती आम्हा गोंयकारांची थंडीची कल्पना! भाचीच्या लग्नाला डिसेंबरात गेले आणि पहिल्याच सकाळी पाहते तर बॅगेतल्या बाटलीतलं खोबरेल थिजून घट्ट झालेलं. साधारण 24 अंशांखाली ते थिजतं हे ठाऊक होतं, पण फोंड्याकडच्या आमच्या घरात तशी वेळ क्वचितच येते.

लग्नाच्या दोन दिवस आधी रात्री नाचगाण्याचा कार्यक्रम झाला. पार्लरवालीने भाचीला पाण्याने न जाणारा मेकअप केला होता. बारा वाजता ती आरशासमोर बसून ओल्या टिश्यूने तो अक्षरशः खरवडत होती. गाल लालबुंद, पापणीचे दोन केस टिश्यूवर, डोळ्यांत पाणी. "मावशी, परवा पुन्हा याच्यावरच थापायचं ना?"

मला बाबा आठवले. आमचे बाबा गावच्या जत्रेतल्या नाटकांत स्त्री-भूमिका करायचे. पहाटे पडदा पडला की देवळाच्या अग्रशाळेच्या ओसरीवर बसून रंग उतरवायचे. आधी पाण्याचा थेंबही नाही. कोरड्या चेहऱ्यावर खोबरेल, बोटांनी हळूहळू गोल गोल चोळणं, मग जुन्या धोतराचा मऊ फडका, आणि सगळ्यात शेवटी साबण. द्रौपदी नेमकी कुठल्या क्षणी जाते आणि बाबा येतात, ते पाहायला आम्ही पोरं पेंगत बसायचो. एकदा त्यांना सकाळच्या पहिल्या बसने कामावर जायचं होतं. घाईने नुसत्या साबणाने घासलं. आठवडाभर चेहरा सोलल्यासारखा झाला होता. त्या काळच्या रंगपेट्यांत हिंगूळ असे, मुरदाडशिंग असे. एकात पारा, दुसऱ्यात शिसं. सोललेल्या कातडीवर पुन्हा तेच लावायचं, हे आज आठवलं तरी अंगावर काटा येतो.

भाचीच्या हातातला टिश्यू मी काढून घेतला. तिच्या मैत्रिणींनी दिलेल्या भेटींत दोन्ही वस्तू न उघडता पडल्या होत्या, क्लेन्झिंग ऑइलची बाटली आणि बामची डबी. म्हटलं, चल, अर्धा चेहरा याला, अर्धा त्याला.

डाव्या बाजूला तेल. ते लगेच पसरलं, काजळ नि मस्कारा झरझर सुटले. पण ओघळ डोळ्यात गेला आणि तिला धूसर दिसू लागलं. उजव्या बाजूला बाम. थंडीमुळे तो आधी तळहातावर चोळून मऊ करावा लागला, पण जिथे लावला तिथेच राहिला, सावकाश चोळायला बरा. डबीत सारखी बोटं घालायची नाहीत, एवढं मात्र पाळायला हवं. मग ओला हात फिरवला आणि दोन्ही गालांवर पांढरं दूध झालं. "मावशी, हे तं दूधच झालं वं!" ती हसली. त्या रात्रीचं पहिलं हसू.

गंमत अशी की दोन्ही एकच. बाम म्हणजे मेण किंवा घट्ट स्निग्ध पदार्थ घालून थिजवलेलं तेल. दोन्हींत तेल आणि पाणी एकत्र आणणारा पदार्थ असतो, म्हणून ते पाण्याने धुऊन निघतं. आमच्या खोबरेलात तो नाही. रंग तेही विरघळवतं, पण मागे तेलकटपणा राहतो, आणि मुरुमं येणाऱ्या कातडीची रंध्रं त्याने बुजू शकतात. भाचीच्या हनुवटीवर मुरुमं होती, म्हणून बाबांचं खोबरेल मी बाटलीतच ठेवलं. वाईट वाटलं, खोटं का सांगू!

सकाळी चहा पिताना हे सगळं ऐकून भावोजींनी गुसाडीची गोष्ट काढली. दिवाळीच्या सुमारास तिथल्या राजगोंडांची दंडारी असते. गुसाडी नर्तक डोक्यावर मोरपिसांचा मोठा मुकुट घालतात, अंगाला राख फासतात. याच नाचासाठी मारलवाईच्या कनक राजूंना 2021 साली पद्मश्री मिळाली होती. 2024च्या ऑक्टोबरात ते गेले. दंडारी चालू असेतो गुसाडी आंघोळ करत नाहीत. शेवटी कोलाबोडीचा विधी होतो, तेव्हाच तो वेष उतरतो. राखेला ना तेल लागतं, ना बाम. ती पाण्याने जाते. पण ती उतरवायलाही ठरलेला दिवस असतो, आणि त्याआधी कुणी घाई करत नाही.

बाबांची ओसरी मला पुन्हा आठवली. बाटली की डबी, हे ज्याच्या त्याच्या कातडीने ठरवावं. डोळ्यांना तेल बरं, थंडीत गालांना बाम बरा. पण त्यासाठी लागणारी दहा मिनिटं कुठल्याच दुकानात मिळत नाहीत.

लग्नाच्या दिवशी भाचीचे गाल शांत होते. रात्री उशिरा तिचा सासरहून निरोप आला, "मावशी, बाम घेऊन बसले. सगळे जेवायला बोलावून राहिले होते. मी म्हटलं, दहा मिनिटांत येते."

आणि म्हणे, सगळे थांबले.