मोटारघराची हिवाळी बेगमी

कोंकणांत ज्यांचें बालपण गेलें त्यांस आगोटीची लगबग निराळी सांगावयास नको. मृगापूर्वीं नळे चाळावयाचे, पडवीला झड्या बांधावयाच्या, सरपण आंत घ्यावयाचें. एवढें झालें म्हणजे पाऊस खुशाल येवो. आम्ही गेलीं पंधरा वर्षें कॅनडांतील कॅलगरी शहरीं राहतों. येथें भय पावसाचें नसून थंडीचें. भर हिवाळ्यांत पारा कधीं कधीं शून्याखालीं 30 अंशांपर्यंत उतरतो. त्यामुळें आमची आगोट दसऱ्याच्या सुमारास येते, आणि ती घराइतकीच आमच्या मोटारघराची असते.

मोटारघर म्हणजे चाकांवरचें बिऱ्हाड. शेगडी, मोरी, शौचकूप, बिछाने, पाण्याच्या टाक्या, असा सारा संसार एका गाडींत मांडलेला. आम्हीं व वडील बंधूंनीं मिळून तें 2016 सालीं घेतलें, तें मुख्यत्वें तीर्थरूपांकरितां. त्यांना फार वेळ बसवत नसे. वाटेंत गाडी थांबवून घटकाभर आडवें होतां आलें म्हणजे लेक लुईसपासून जॅस्परपर्यंतचा सुमारें 230 किलोमीटरांचा हिमनद्यांचा रस्ता ते आनंदानें करीत. मातोश्रींना बाहेरचें अन्न चालत नाहीं. त्यांचा वरणभात त्या डोंगरांच्या पायथ्याशीं शिजे. गेल्या वर्षीं श्रावणांत तीर्थरूप निवर्तले. तेव्हांपासून गाडी दारांत उभी आहे. ती विकावी असें वडील बंधूंचें मत पडलें. आमचें मन होईना. दोन्ही घरांत या विषयावर बोलणें टाळलें जाऊं लागलें. अखेर मातोश्रीच म्हणाल्या, “विकायची कीं ठेवायची तें वैशाखांत बघूं. आधीं तिचा हिवाळा काढा.” यावर कोणास कांहीं बोलतां येण्याजोगें नव्हतें. नळ फुटलेली गाडी ना विकावयाच्या कामाची, ना ठेवावयाच्या.

या कामांत पहिला शत्रु पाणी. गोठतांना तें सुमारें 9 टक्क्यांनीं फुगतें, आणि त्या फुगण्यापुढें नळ, तोटी, पंप कांहींच टिकत नाहीं. म्हणून ताज्या पाण्याची टाकी रिकामी करावयाची. सांडपाण्याच्या टाक्या नेमून दिलेल्या जागीं ओतून धुवावयाच्या. बंब पुरता निवल्यावर व त्यांतील दाब सोडून दिल्यावर मगच त्याचें बूच काढावयाचें. इतकें करूनही नळ्यांच्या वळणांत पाणी राहतेंच. त्यासाठीं गुलाबी रंगाचें न गोठणारें द्रव मिळतें. बंबाची वाट बंद करून पंपानें तें नळ्यांत खेंचावयाचें, आणि प्रत्येक तोटी, गार व गरम दोन्ही, गुलाबी धार येईपर्यंत उघडी ठेवावयाची. मोरीच्या वांकड्या नळींतही पेलाभर ओतावयाचें. हें द्रव प्रॉपिलीन ग्लायकॉलचें असावें. इंजिनासाठीं बहुधा वापरतात तें एथिलीन ग्लायकॉल विषारी असतें; तें पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांत कधींही जातां कामा नये. डब्यावरील अक्षरें दोघांनीं वाचावीं, असा आमच्याकडे नियम आहे.

दुसरी काळजी बॅटरीची. शिशाची बॅटरी पूर्ण भरलेली असली तर कडाक्याच्या थंडींतही गोठत नाहीं. रिती झालेली मात्र शून्याखालीं थोड्याच अंशांवर गोठून तडकते. म्हणून ती काढून आंत आणावयाची व अधूनमधून भरावयाची. इंधनाची टाकी मोकळी ठेवली तर आंत दंव धरतें. यास्तव ती भरून, इंधन टिकविणारें औषध घालून, इंजिन थोडा वेळ चालवावयाचें. गॅसची तोटी बंद, शीतपेटीचें दार उघडें. उंदीर शिरतील अशा फटींत पोलादी तारांचा बोळा कोंबावयाचा. कपाटांत पोह्याचा एक दाणाही उरूं द्यावयाचा नाहीं.

छपराची गोष्ट कॅलगरींत विशेष. येथें चिनूक नांवाचे उबदार वारे पर्वतांवरून उतरतात आणि थोड्याच तासांत बर्फाचें पाणी करतात. वारा पडला कीं तेंच पाणी पुन्हा गोठतें. सांध्यांत शिरलेला थेंब अशा रीतीनें फट रुंदावीत जातो. सांधे आधींच लिंपून घेतले नाहींत तर वसंतांत भिंती ओलावलेल्या दिसतात. वरून आच्छादन घालावयाचें तेंही हवा खेळेल अशा कापडाचें. प्लॅस्टिकच्या ताडपत्रीखालीं दमटपणा कोंडून बुरशी येते.

या वेळीं हीं सारीं कामें आम्हां दोघां बंधूंनीं शनिवार-रविवार मिळून केलीं. वडील बंधू छपरावर, आम्ही खालीं नळ्यांपाशीं. वर्षभर जें बोलणें अडलें होतें तें “तोटी उघडली का?”, “आली का गुलाबी?” एवढ्याच शब्दांनीं पुनः सुरूं झालें. तीर्थरूप पूर्वीं शेजारीं खुर्ची टाकून यादी वाचीत. ती यादी त्यांच्याच हस्ताक्षरांत अद्याप कपाटाच्या दारावर चिकटविलेली आहे. या खेपेस ती मातोश्रींनीं वाचली.

दसऱ्यास गाडीची पूजा झाली. त्यानंतर कपाटें रिकामीं करतांना तीर्थरूपांचा अडकित्ता हातीं आला. वडील बंधूंनीं तो घरांत न्यावयाच्या पेटींत ठेवला. मातोश्रींनीं तो उचलून पुन्हा खणांत ठेवला आणि म्हणाल्या, “असूं दे रे तिथेंच. लोखंडाला कसली आली आहे थंडी?” वडील बंधूंनीं कांहींएक न बोलतां खण लावून घेतला.