सायकलचें हँडल

सायकल विकत घेणारा मनुष्य तिचा रंग पाहतो, घंटी वाजवून पाहतो, बैठक दाबून पाहतो. हँडलकडे मात्र तो सहसा पाहत नाहीं. तें सायकलबरोबर येतेंच, अशी त्याची समजूत असते. वास्तविक पाय केवळ चाकरी करतात. कोठें जावयाचें व कोठें थांबावयाचें हें हात ठरवितात.

बीडसारख्या गांवीं सायकलवर हयात घालविलेल्या माझ्यासारख्या प्राध्यापकास हँडलांच्या तीन जाती ठाऊक आहेत. पहिलें, स्वाराकडे मागें वळलेलें जुन्या घाटाचें. दूधवाल्याच्या किटल्या त्यालाच लटकतात. त्यावर पाठ ताठ राहते, मनगटें सरळ राहतात आणि मान न ताणतां समोरचा रस्ता दिसतो. दुसरें, सरळ दांड्याचें. तें रुंद असल्यामुळें खाचखळग्यांत चाक हातचें जात नाहीं. परंतु शरीराचा भार पुढें येऊन तळहातांवर पडतो. तिसरें शर्यतीचें, मेंढ्याच्या शिंगांप्रमाणें खालीं वळलेलें. वारा कापण्यास तें उत्तम, पण स्वारास वाटेंत भेटेल त्यास नमस्कार घालीतच जावें लागतें!

पन्नाशी उलटल्यावर माझी करंगळी व तिच्या शेजारचें बोट बधिर होऊं लागलें. त्या बोटांकडे जाणारी शीर तळहाताच्या बुडाशीं फार वरवर असते. हँडलवर रेलून बसलें म्हणजे ती दाबली जाते. मित्रांनीं स्कूटर घेण्याचा सल्ला दिला. मीं हँडल बैठकीच्या उंचीस आणून मुठी जरा जवळ घेतल्या, आणि महिन्याभरांत बोटें शुद्धीवर आलीं.

परंतु सुख म्हणजे सर्वस्व नव्हे. मांजरसुंब्याचा घाट उतरतांना आरामखुर्चीचें सुख काय कामाचें? तेथें ताबा हवा. आणि ताबा म्हणजे आवळून धरणें नव्हे. १९०३ सालीं विमान उडविणारे राइटबंधू मूळचे सायकली बनविणारे. त्यांपैकीं विल्बर याच्या ध्यानांत आलें होतें कीं, उजवीकडे वळूं पाहणारा स्वार हँडल प्रथम किंचित् डावीकडे नेतो, आणि हें त्याचें त्यालाही ठाऊक नसतें. हातांना एवढें शहाणपण उपजतच असेल, तर आपण त्यांस मोकळें ठेवावें हेंच बरें.

ह्या विषयाचें खरें मोल मला एका मुलीनें शिकविलें. मागास तालुक्यांत शाळेपासून पांच किलोमीटरच्या आंत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींस सायकली देण्याची योजना आपल्या राज्यांत आहे. ही मुलगी मात्र वडील चुलतभावाची उंच सायकल घेऊन शाळेंत जाई. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले. घरीं फक्त आजी. एके दिवशीं उतारावर मुलीचीं बोटें ब्रेकपर्यंत पोंचलीं नाहींत व ती कुंपणांत जाऊन पडली. आजी मला म्हणाली, “सर, बास झाली आता साळा. पोरीचा हातपाय मोडला तर तिला करून घेईल कोण?” आमच्या जिल्ह्यांत हें वाक्य नुसतें काळजीचें नसतें. शाळा सुटलेल्या मुलीच्या लग्नाची बोलणीं त्याच हंगामांत सुरू होतात.

मीं मिस्त्रीकडे सायकल नेली. त्यानें पान्यानें बोल्ट सैल केला, बैठक खालीं घेतली, हँडल मुलीकडे कलतें केलें. ब्रेकच्या मुठी आंत सरकवून त्यांचा स्क्रू पिळला. अर्ध्या तासाचें काम. मुलीनें ब्रेक दाबून पाहिला व म्हणाली, “सर, आता बोटं पोचतात.” ती यंदा दहावींत आहे.

तेव्हां दुकानांत हँडलच्या घाटाविषयीं वाद घालण्याआधीं वाचकांनीं सायकलवर बसून पाहावें. कोंपर किंचित् वाकलेलें आहे काय? खांदे कानांकडे चढत नाहींत ना? मूठ न सोडतां बोटें ब्रेकवर पोंचतात काय? घरांतील सायकल लेकीसाठीं असेल, तर हे प्रश्न तिला विचारावेत आणि उत्तरही तिच्याच हातांचें ऐकावें.